वैमानिकाच्या झोपेला नियम, नर्सच्या झोपेला मेमो

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, विधानसौध, बेंगळुरू



देवनहळ्ळीतल्या एका खासगी इस्पितळात मी रात्रपाळीची नर्सिंग सुपरवायझर आहे. गाव निपाणी. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण निपाणी, खानापूर, चिकोडी, भालकीकडच्या पुष्कळ पोरी बेंगळुरूच्या वॉर्डांत रात्री जागतात. त्यांनी हे वाचावं आणि त्यांच्या घरच्यांनी तर नक्कीच वाचावं. कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवते आहे.

आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उतरणारी विमानं दिसतात. ती उतरवणाऱ्या माणसाने किती विश्रांती घ्यायची हे देशाच्या नियमांत लिहिलेलं आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले आणि २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरात ते दोन टप्प्यांत लागू झाले. वैमानिकाला आठवड्यातून सलग ४८ तास विश्रांती. पूर्वी ती ३६ तास होती. रात्र म्हणजे बारा ते सहा, आणि त्या वेळेत विमान उतरवायचं ते जास्तीत जास्त दोनदा. पूर्वी सहा वेळा चालायचं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला हे नियम पेलले नाहीत. हजारो उड्डाणं रद्द झाली, आमच्या विमानतळावरही लोक बॅगा उशाला घेऊन बसले. सरकारने त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सवलत दिली आणि त्यावर टीकाही झाली. काहीही असो, तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा वैमानिकांच्या झोपेची चर्चा चालू होती. त्याच रात्री बळ्ळारी रस्त्यावर अपघात झालेला माणूस आमच्याकडे आणला, तर त्याच्या शिरेत सुई घालणारी मुलगी किती तास जागी आहे, हे कुणी विचारलं नसतं. विचारायची पद्धतच नाही.

विमानवाल्यांना ही अक्कल फुकट आली नाही. तिची किंमत कर्नाटकातही मोजली गेली आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या बज्पे विमानतळावर सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं मेली, आठ वाचली. चौकशीचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालात आलं, की कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त वेळ झोपला होता, उतरायच्या थोडंच आधी जागा झाला होता आणि सहवैमानिक विमान पुन्हा वर घ्यायला सांगत असतानाही त्याने ऐकलं नाही. झोपेतून नुकता उठलेला मेंदू काही वेळ धड चालत नाही आणि पहाटेच्या वेळी तर शरीर सगळ्यात मंद असतं, या दोन्ही गोष्टी त्या अहवालात स्पष्ट लिहिल्या आहेत. कॅप्टनचं घोरणं कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सापडलं, म्हणून हे कळलं.

आमच्याकडे असं काही मुद्रित होत नाही. पहाटे चारला आम्ही ड्युटी डॉक्टरांना फोन करतो, ते गाढ झोपेतून उठतात आणि झोपाळलेल्या आवाजात डोस सांगतात. आम्ही तो लिहून घेतो आणि देतो. मंगळूरच्या कॅप्टनचा आणि या तरुण डॉक्टरचा मेंदू एकाच मातीचा आहे. आमच्याकडच्या चुकीसाठी चौकशी आयोग बसत नाही, कारण आमच्याकडे माणसं एका वेळी १५८ मरत नाहीत. एक मरतो, तोही वयस्कर असतो, त्याला मधुमेह असतो, आणि मुलगा म्हणतो, जायचंच होतं.

इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम अशी औषधं देताना दोन नर्सनी तपासायचं आणि दोघींनी सही करायची, असा चांगल्या इस्पितळांत दंडक आहे. रात्री दहाला दोघी कुपीवरचं लेबल वाचतात, सिरिंज उजेडात धरून रेघ बघतात, आकडा मोठ्याने म्हणतात. पहाटे चारला पहिली एकटीच भरते आणि दुसरी खुर्चीतून न उठता सही करते. कधी तर दुसरी आधीच सही करून ठेवते, म्हणजे पुन्हा उठायला नको. सकाळी रजिस्टर उघडलं की दोन्ही सह्या जागच्या जागी असतात. तपासणीला येणारे अधिकारी हेच रजिस्टर बघतात आणि छान शेरा देऊन जातात. या पोरी निष्काळजी नाहीत हो. दिवसपाळीत याच पोरी डॉक्टरांच्या चुका पकडतात.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि मेंदू रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चालतो आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखा. आपल्याकडे गाडी चालवताना ०.०३ टक्क्यांच्या वर सापडलं की गुन्हा. आता हिशेब करा. पहिल्या नाइटला येणारी, घरी लहान मूल असलेली नर्स सकाळी सहाला डबा करायला उठलेली असते. रात्री आठला ती ड्युटीवर येते आणि अकराला तिचे १७ तास भरतात, म्हणजे रात्र सुरू व्हायच्या आधीच. सकाळी सहाला २४ होतात. मग हँडओव्हर, मग नोंदी, आणि साडेआठला ती स्कूटीवर बसून हायवेला लागते. वाहतूक पोलीस तिला हेल्मेटसाठी अडवतो. तोंडाचा वास घेऊन त्याला काही कळणार नाही.

रोस्टर कसं लिहितात ते सांगते, कारण आजाराचं मूळ तिथे आहे. सकाळी आठला नाइट संपवून सुटलेल्या मुलीचा तोच दिवस ‘ऑफ’ म्हणून लिहिला जातो. कागदावर सुट्टी आहे, प्रत्यक्षात तो आदल्या रात्रीच्या झोपेचा दिवस आहे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ड्युटीवर हजर. कुणी आजारी पडलं की डबल. डबलला नाही म्हटलं की पुढच्या महिन्यात रजा मिळत नाही, हे तोंडी असतं, लेखी कधीच नसतं. पाळ्या फिरवायची दिशासुद्धा उलटी: नाइट, मग दुपार, मग सकाळ. अमेरिकेत यूटामधल्या एका खनिज कारखान्यात १९८२ सालीच दिसून आलं होतं, की पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकवल्या तर शरीराला ते सोसतं आणि उलट्या फिरवल्या तर नाही. दिशा बदलायला एक रुपया लागत नाही. लागतो तो फक्त रोस्टर करणाऱ्याचा अर्धा तास.

जेवणाचं सांगायला लाज वाटते. आमची कँटीन रात्री नऊला बंद होते. आपल्या सरकारची इंदिरा कँटीन पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण देते, योजना चांगली आहे, पण रात्रीच्या दोनला तिचंही शटर खाली असतं. मग राहतं काय? गेटबाहेरच्या गाडीवरचा एग राइस, गोबी मंचुरी, फ्लास्कमधला अकरा वाजताचा चहा आणि बिस्किटांचा पुडा. पँट्री नावाची खोली आहे. तिच्यात सिंक आहे, सलाइनचे खोके आहेत आणि एक स्टूल. डबा खायचा तो उभ्याने, एक कान बेलकडे ठेवून. अडीच वाजता कुणी चित्रान्नाचा गार घास घेते, बेल वाजते, झाकण तसंच टाकून पळते आणि परत येते तेव्हा साडेतीन झालेले असतात. भात वाळलेला असतो, भूक मेलेली असते, मग पुन्हा चहा. आमच्या भालकीच्या एका पोरीला घरून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी येते. पंधरा दिवस टिकते, गरम करावी लागत नाही, एका हाताने मोडून खाता येते. सबंध मजल्यावर रात्री धड जेवणारी ती एकटीच. बाकीच्या तिच्या डब्याभोवती घोळका करतात.

रात्री खाल्लेलं शरीर दिवसासारखं पचवत नाही. स्वादुपिंडालाही घड्याळ असतं. ज्या संशोधनाला २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, ते हेच, पेशीपेशीत चालणाऱ्या या घड्याळाचं. २०२१ मध्ये अमेरिकेत १९ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. ज्यांना रात्री जेवायला दिलं त्यांची रक्तशर्करा सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी दिवसाच जेवून रात्री काम केलं त्यांची वाढली नाही. एवढ्याशा प्रयोगावरून सगळ्या जगाला उपाशी ठेवू नये हे मलाही कळतं. बारा तास पायांवर असणाऱ्या बाईला ‘रात्री खाऊ नकोस’ म्हणणं सोपं आहे, ते तिने पाळायचं कसं? पण ड्युटीवर यायच्या आधी पोटभर जेवण, बारा वाजायच्या आत अंडं, उसळ, ताक असं हलकं काही, आणि दोननंतर कॉफी नाही, इतकं जमण्यासारखं आहे. बेंगळुरू ग्रामीण हा नाचणीचा जिल्हा. नाचणीची आंबली ताकातून दिली तर तिला ना ओव्हन लागतो ना आचारी. द्यायला फक्त कुणीतरी हवं.

आता दिवसाची झोप. बहुतेक पोरी पीजीत राहतात, एका खोलीत तिघी, तिघींच्या पाळ्या वेगळ्या. डोक्यावरून विमानं, खाली पाण्याची मोटर, बाराला जेवणाची हाक, मधे आईचा फोन. एकीने खिडकीच्या काचेला जुन्या एक्स-रेच्या फिल्म्स चिकटवल्या आहेत. उजेड आला की भिंतीवर कुणाच्या तरी बरगड्या उमटतात. लग्न झालेल्यांना ती खिडकीही नाही. रात्रभर काम करून आलेली सून सकाळी घरी असते, म्हणून दिवसभर घरीच आहे असं धरलं जातं. धुणं तिचं, गॅसवाला तिचा, मुलाची शाळेची मीटिंग तिचीच. निपाणीत, बेळगावात हे पत्र वाचणाऱ्या सासवांना माझी हात जोडून विनंती आहे: नाइट करून आलेल्या पोरीच्या दाराला दुपारी दोनपर्यंत हात लावू नका. हे काम मंत्रीमहोदयांच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून परस्पर सांगते.

ही बुडालेली झोप रजेत भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावरच्या संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या बाबतीत तोच निष्कर्ष कायम केला. अमेरिकेतल्या हजारो नर्सचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. त्यात रात्रीच्या फिरत्या पाळ्या जितकी जास्त वर्षं, तितका मधुमेहाचा आणि हृदयरोगाचा धोका जास्त दिसला. आमच्या सीनियर नर्सच्या पर्समध्ये काय सापडतं ते बघा. मेटफॉर्मिन, थायरॉइडची गोळी आणि पित्ताची गोळी. रुग्णांना आहाराचा तक्ता समजावून सांगतात त्या याच.

आणि मग माणूस आतून विझतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपणं, कामाविषयी मन आटणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. हा आजार नव्हे, कामाच्या जागेतून उपजलेली अवस्था आहे, असंही त्यांनी म्हटलं आहे. कामाच्या जागेतून! नातेवाईक दारात येऊन ‘सिस्टर, डॉक्टर कधी...’ एवढंच म्हणतो आणि वाक्य संपायच्या आत उत्तर येतं, ‘येतील.’ मानही वर होत नाही. वर्षापूर्वी हीच मुलगी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसायची. मी तिला उद्धट म्हणू का? मला तसा शेरा लिहायला सांगतात. मी लिहीत नाही, तेवढं माझ्या हातात आहे.

व्यवस्थापनांचा यावरचा उपाय सगळीकडे एकच असतो. १२ मे, जागतिक परिचारिका दिन. सकाळी दहाला सभागृहात ‘ताणमुक्त जीवन’ या विषयावर व्याख्यान, गुलाबाचं फूल, केक. खुर्च्या भरायला नाइट संपवलेल्या पोरींना थांबवून घेतात. व्याख्याते दीर्घ श्वास घ्यायला सांगून डोळे मिटायला लावतात, आणि अर्ध्या जणी खरंच झोपतात. ताणमुक्तीचा तेवढाच लाभ.

डॉक्टरांची दशा वेगळी नाही, पण त्यांच्याबद्दल निदान लिहिलं-बोललं जातं. निवासी डॉक्टरांनी सलग १२ तासांहून आणि आठवड्यात ४८ तासांहून जास्त काम साधारणपणे करू नये, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच कळवलं होतं. तीस वर्षांत ते कुणी पाळलेलं मी पाहिलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात जिच्यावर अत्याचार होऊन खून झाला, ती तरुण डॉक्टर ३६ तासांच्या ड्युटीत चर्चासत्राच्या खोलीत आडवी झाली होती. झोपायला दुसरी जागा नव्हती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने हे तास अमानुष असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. ४८ चे ७४ झाले आणि आम्ही त्याला सुधारणा म्हणतो. बोस्टनमध्ये २००४ साली इंटर्नच्या २४ तासांहून लांब पाळ्या बंद करून बघितल्या, तेव्हा कळलं की जुन्या पद्धतीत त्यांच्या गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. कृतिदलाच्या ७४ तासांतही २४ तासांची एक पाळी धरलेली आहेच.

आपण काय करू शकता, याकडे येते. खासगी इस्पितळांना कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ नुसार नोंदणी घ्यावी लागते. नोंदणीचं जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालतं आणि दरपत्रक भिंतीवर लावावं लागतं. त्याच भिंतीवर महिन्याचं रोस्टर लावायला सांगा. नावं नकोत, तास पुरेत. नोंदणी देताना आणि तिचं नूतनीकरण करताना तीन-चार गोष्टी तपासा. नाइट संपल्याचा दिवस ‘ऑफ’ धरता कामा नये. दोन पाळ्यांत निदान अकरा तासांचं अंतर असावं. सलग किती नाइट लावायच्या याला हद्द असावी. मी म्हणेन तीन. दार लागणारी एक खोली, पलंग आणि रात्री उघडी कँटीन. कारखाना कायदा १९४८ चा. २५० हून जास्त कामगार असले तर कँटीन आणि १५० हून जास्त असले तर विश्रांतीची आणि जेवायची खोली त्याने सक्तीची केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कँटीनची अट शंभर कामगारांवर आणली. राज्याचे नियम करताना त्यात ‘इस्पितळ’ हा शब्द ढळढळीत लिहायला लावा, नाहीतर तो आमच्यासाठी नाहीच असं आम्हाला सांगितलं जाईल.

आणि मेमोचं बघा. रात्री नर्स डुलकी घेताना कॅमेऱ्यात सापडली तर मेमो मिळतो. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर प्रयोग केला, आळीपाळीने सुमारे २६ मिनिटांची डुलकी घेऊ दिली, तर त्यांची कामगिरी ३४ टक्क्यांनी सुधारली. विमानवाल्यांकडे पुष्कळ ठिकाणी डुलकी ही सुरक्षेची तरतूद झाली. आमच्याकडे तो गुन्हा आहे, म्हणून ती शौचालयात भिंतीला टेकून घेतली जाते.

आठ तासांची पाळी सगळीकडे सक्तीची करा असं मी म्हणत नाही, हे माझ्या संघटनेतल्या मैत्रिणींना आवडणार नाही. बारा तासांच्या पाळ्या पुष्कळ पोरींना स्वतःला हव्या असतात. चार दिवस रेटून काम केलं की तीन दिवस मोकळे मिळतात, राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून घरी जाता येतं, मुलाला बघता येतं. हा हिशेब त्यांनी विचार करून केलेला आहे आणि तो हाणून पाडायचा मला अधिकार नाही. मोकळे दिवस खरोखर मोकळे ठेवा, एवढंच.

मालक म्हणतील, माणसंच मिळत नाहीत. मिळतील कशी? २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने सांगितलं, की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी इस्पितळात नर्सचा पगार सरकारी नर्सइतका असावा, पन्नासच्या आतल्या इस्पितळातही २० हजारांच्या खाली नसावा, आणि कामाचे तास, रजा, राहायची सोय सरकारी नर्ससारखीच असावी. ते कागदावरच आहे. आमच्याकडे दोन वर्षं शिकलेल्या पोरी आखातात, आयर्लंडला, जर्मनीला जातात. जाताना मी विचारते, पगारासाठी ना? बऱ्याचजणी म्हणतात, पगार आहेच, पण तिकडे महिन्याचं रोस्टर आधी हातात देतात आणि मग बदलत नाहीत.

आपण देवनहळ्ळीला येणार असाल तर पहाटे तीन ते पाचच्या मधे या, आणि आधी कळवू नका. कळवलंत तर त्या रात्री कँटीन उघडी असेल.

आपली,
रात्रपाळीची एक नर्सिंग सुपरवायझर
देवनहळ्ळी